पंडिता रमाबाई : दोन दुष्काळ आणि एक भरवसा

पंडिता रमाबाईंचे नाव ज्याने ऐकले नाही असा ख्रिस्ती मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. केडगावच्या मुक्तिसदनाची संस्थापिका, संस्कृत पंडिता, पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करणारी विदुषी, इतके बहुतेकांस ठाऊक असते. परंतु थोर मनुष्यांची नावे वारंवार कानी पडल्याने एक तोटाही होतो. ही माणसे आपल्यासारखी नव्हतीच, भय म्हणून काय असते ते त्यांस ठाऊकच नव्हते, असे आपणांस वाटू लागते. आणि मग त्यांचे चरित्र भिंतीवरच्या तसबिरीप्रमाणे केवळ पाहण्यापुरते उरते. आज आम्ही रमाबाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, ते अशा हेतूने की, भूक, मरण, एकटेपणा व लोकनिंदा ह्या चारही भयांतून गेलेली ही बाई देवावर भार टाकण्यास कशी शिकली, हे आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींस दिसावे. हा धडा त्या एका दिवसात शिकल्या नाहीत. तो शिकण्यास त्यांस दोन दुष्काळ पाहावे लागले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. हा प्रदेश आज कर्नाटकात मोडतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व आपल्या धर्माचरणात अत्यंत नेमस्त असे कोकणस्थ ब्राह्मण होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असता शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस संस्कृत शिकविले, आणि पुढे त्या माउलीने तेच ज्ञान आपल्या मुलीस दिले. अतिथिसत्कारात व दानधर्मात घरची मालमत्ता सरली, तेव्हा रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेस वेताच्या पेटीत घालून डोंगराखाली आणले, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. तेव्हापासून ह्या कुटुंबास कायमचे घर असे राहिले नाही. देवळात, घाटावर किंवा झाडाखाली बसून पुराण सांगावे, ऐकणाऱ्यांनी जे पुढ्यात ठेवले त्यावर गुजराण करावी, आणि दुसऱ्या तीर्थास चालू लागावे, असा त्यांचा क्रम होता.

पुढे मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. लोकांच्याच घरी अन्न नाही, तेथे पुराणिकास कोण देणार? प्रथम दागिने गेले, मग चांगली वस्त्रे गेली, मग तांब्यापितळेची भांडी गेली. हातांनी मोलमजुरी करण्याची ह्या घरास सवय नव्हती, आणि भीक मागण्यास मन धजेना. अखेर हे पाच जण रानात गेले व मरणाची वाट पाहू लागले. अकरा दिवस व अकरा रात्री झाडांचा पाला, पाणी व मूठभर रानखजूर ह्यांवर त्यांनी काढल्या. वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला आणि आपल्या धाकट्या लेकीस जवळ घेऊन निरोपाचे चार शब्द सांगितले. परंतु थोरल्या भावाने, श्रीनिवासाने, ऐन वेळी धीर करून म्हटले की, आपण जातीचा अभिमान टाकून मजुरी करू, पण वडिलांस असे मरू देणार नाही. रानातून बाहेर पडून ते एका खेड्यापर्यंत कसेबसे आले. पण शरीरे खंगून गेली होती. थोड्याच काळात वडील वारले, त्यांच्यामागून आई वारली, आणि मग थोरली बहीण महामारीस बळी पडली.

आईच्या मरणाची हकीकत वाचताना आमचे मन आजही गलबलते. परक्या गावी प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. स्मशान सुमारे तीन मैलांवर. शेवटी दोन ब्राह्मणांस दया आली. ते दोघे, श्रीनिवास, आणि चौथ्या खांदेकरी रमाबाई. त्या ठेंगण्या होत्या म्हणून तिरडीचे टोक खांद्याऐवजी डोक्यावर घेऊन त्यांनी आपल्या आईस स्मशानापर्यंत पोहोचविले. त्या वेळी त्यांस विसावे वर्षही लागले नव्हते.

मग भाऊबहीण दोघेच उरली. ती दक्षिणेतून उत्तरेकडे, पंजाब व काश्मीरापर्यंत आणि तेथून पूर्वेकडे बंगालपर्यंत पायी हिंडली. हे चालणे चार हजार मैलांहून अधिक झाले. पायांत जोडा नाही, अंगावर पुरेसे पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून ती रात्री निजत. भूक लागली म्हणजे रानातली बोरे बियांसकट खावी, किंवा मिळाले तर मूठभर धान्य भिजवून मिठाशी खावे. आईवडिलांनी शिकविलेली व्रते व नेम दोघांनी निष्ठेने पाळले. परंतु ज्यांच्यासाठी इतके सोसले ते ऐकतात की नाहीत, असा संशय हळूहळू त्यांच्या मनात शिरला व जुन्या श्रद्धेचा पाया ढासळला. वाचकहो, रमाबाईंच्या त्या काळच्या दुःखात भुकेपेक्षाही कठीण अशी एक गोष्ट होती. हाक मारावी तर ऐकणारा कोण, हे त्यांस ठाऊक नव्हते. भय होते, आणि भय सांगण्यास कोणी नव्हता.

इ.स. १८७८ साली ही दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या, आणि देशभर त्यांचे नाव झाले. पण कीर्तीने घर भरत नाही. १८८० साली श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते वेगळ्या जातीचे, म्हणून नोंदणी पद्धतीने लग्न झाले आणि दोघांसही आप्तांनी दूर लोटले. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार सुखाचा झाला. तेथेच पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांस बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले व त्यांनी ते आवडीने वाचले. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने पती गेले. संसार उणापुरा पावणेदोन वर्षांचा. पदरी तान्ही मुलगी, माहेर नाही, सासर नाही, आणि विधवेकडे अपशकुन म्हणून पाहणारा समाज भोवती.

त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीशिक्षणासंबंधी हंटर कमिशनापुढे साक्ष दिली, आणि ख्रिस्ती धर्माचा अभ्यासही आरंभिला. वैद्यकी शिकून आपल्या देशभगिनींची सेवा करावी ह्या इच्छेने १८८३ साली त्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. तेथेही दुःखाने पाठ सोडली नाही. त्यांच्यासोबत गेलेली आनंदीबाई भगत हिचा तेथेच करुण अंत झाला. परक्या देशात, परक्या भाषेत, सोबतीण गमावलेल्या ह्या विधवेच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पुढे ऐकू येणे कमी होत गेले, आणि वैद्यकीचा बेतही सोडावा लागला.

मग ख्रिस्ताकडे त्यांस कोणत्या गोष्टीने ओढले? लंडनातील फुलम येथे वाँटेजच्या भगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत असत. जगाने ज्यांस टाकले त्यांस ह्या भगिनी जवळ घेतात, त्यांच्या जखमा धुतात, आणि त्या स्त्रिया पुढे स्वतः इतरांची सेवा करू लागतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. असे का करता, असे विचारता त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. टाकलेल्यांस शोधीत येणारा असा तारणारा त्यांनी पूर्वी कोठे पाहिला नव्हता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी हिंदुस्थानातील उच्चवर्णीय विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगावी व्याख्याने दिली, आणि बोस्टन शहरी स्थापन झालेल्या रमाबाई मंडळीने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. १८८९ च्या आरंभी मायदेशी परतून ११ मार्च रोजी मुंबईस चौपाटीजवळ त्यांनी शारदासदन उघडले. आरंभी मुली दोनच. त्यांतील गोदूबाई नावाची बालविधवा पुढे महर्षी कर्व्यांची सहधर्मचारिणी झाली. पुढच्या वर्षी शाळा पुण्यास गेली.

येथे थांबून एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कारण आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस तिचा उपयोग होईल. रमाबाईंनी स्वतः कबूल केले आहे की, बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे झाली तरी त्यांच्या अंतःकरणास शांती नव्हती. त्यांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता. स्वतः ख्रिस्त मिळावयाचा होता. धर्माची मते त्यांनी तपासून घेतली होती, प्रार्थना त्या करीत होत्या, परोपकार तर चालूच होता. पण आपले पाप व आपले भय दोन्ही जसेच्या तसे प्रभूच्या पायांशी ठेवून मोकळे होणे त्यांस साधले नव्हते. इ.स. १८९१ च्या सुमारास वाचन व प्रार्थना करीत असता हा उलगडा झाला. आपण योग्य व्हावे मग प्रभूने घ्यावे असे नसून, आहे तशीच त्याने आपणांस घेतले आहे, हे त्यांस कळले. पंडितेस जे कळण्यास आठ वर्षे लागली, ते आपणांस एका पावसाळ्यात कळले नाही तर कोणी खचून जाऊ नये. बाप्तिस्म्याच्या दिवशी रोप लागते. मूळ खोल जाण्यास काळ लागतो.

ते मूळ खोल गेले नसते तर पुढचे वादळ सोसले नसते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ह्यावरून १८९३ साली पुण्यात मोठा गदारोळ उठला. वर्तमानपत्रांतून टीका झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी सन्मान्य गृहस्थांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि वीसहून अधिक मुलींस पालकांनी काढून नेले. त्या गृहस्थांची बाजूही होती. धर्मशिक्षण देणार नाही असे शाळेचे वचन असता ते मोडले जात आहे, असे त्यांस वाटले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणास बळ करीत नाही, परंतु आपले दार लावून देवाची प्रार्थना चोरून करणार नाही. लोकनिंदेचे भय भुकेच्या भयाहून हलके नसते. ज्या उपदेशकास पारावरून उठविले आहे, ज्या बहिणीस पाणवठ्यावर बोलणी खावी लागली आहेत, त्यांस हे सांगावयास नको. रमाबाईंनी दार लावले नाही. ज्या मुली राहिल्या त्यांस घेऊन त्या पूर्वीप्रमाणे कामास लागल्या.

आता दुसरा दुष्काळ. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात उपासमारीने माणसे मरत आहेत, अशी वार्ता आली. रमाबाईंच्या मनावर प्रथम काय उमटले असेल ह्याचा विचार करा. पाला खाऊन काढलेले ते अकरा दिवस, वडिलांचा निरोप, डोक्यावर घेतलेली आईची तिरडी, हे सर्व पुन्हा डोळ्यांपुढे आले. एकदा अग्नीत होरपळलेला मनुष्य अग्नीकडे जात नाही. शिवाय पैसाही नव्हता. बोस्टनच्या मंडळीने शारदासदनाचा भार उचलला होता. शेकडो दुष्काळी मुलींचा भार त्या वचनात नव्हता. आपल्या हातून काय होणार, असे वाटून त्या काही काळ थबकल्या, हे त्यांनी लपवून ठेवलेले नाही. परंतु ज्या आठवणीने त्यांस भिवविले, तीच आठवण त्यांस ढकलू लागली. आपण त्या रानात होतो तेव्हा कोणी आले असते तर! असा विचार मनात येताच त्यांस घरी बसवेना. पैसा हाती नसता, देव देईल ह्या एका विश्वासावर त्या निघाल्या.

मध्य प्रांतातील अनाथगृहे व दुष्काळी कामांच्या छावण्या त्यांनी पाहिल्या. हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली, आणि निराधार मुलींस वाईट मार्गास लावण्यासाठी टपलेली माणसेही पाहिली. तेथून त्यांनी तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया आणल्या. इकडे पुण्यात १८९७ साली प्लेगने थैमान घातले होते, त्यामुळे नव्या मुलींस शहरात ठेवता येईना. पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर केडगाव येथे रमाबाईंनी काही वर्षांपूर्वी सुमारे शंभर एकर माळरान घेऊन फळझाडे लाविली होती. त्या शेतावर तंबू व झोपड्या उभारून मुलींची सोय केली. रोगट, खरुजेने भरलेल्या, अन्न दिसताच एकमेकींवर तुटून पडणाऱ्या त्या लेकरांस न्हाऊमाखू घालणे, हळूहळू खाण्याची सवय लावणे, रात्री उशाशी बसणे, हे काम त्यांनी व त्यांच्या सोबतिणींनी केले. त्यांतील कित्येक मुली वाचल्या नाहीत. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची हेळसांड होते असे दिसले, तेव्हा त्यांनी ते वर्तमानपत्रात उघड लिहिले, आणि सरकारी अधिकाऱ्यांचा रोष पत्करला. मनुष्याचे भय त्यांच्यातून कसे निघून गेले होते, ते ह्यावरून दिसते.

१८९८ साली दहा वर्षांच्या वचनाची मुदत संपली. रमाबाई अमेरिकेस जाऊन आल्या. तेथील मित्रांनी पुन्हा मंडळी उभारली. परंतु पूर्वीसारखा ठराविक रकमेचा बांधलेला आधार आता नव्हता. ज्यांस रोज शेकडो तोंडे भरावयाची आहेत त्यांनी ह्या वेळी धान्याची कोठारे मोजीत रात्र जागून काढावी हे साहजिक. रमाबाई प्रार्थना करीत व उद्याचे काम उद्यावर न टाकता आजच करीत. देवावर भरवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असे त्यांनी कधी मानले नाही. केडगावास विहिरी खणल्या, शेत नांगरले, हातमाग चालू झाले, पुढे छापखाना निघाला, आणि मुलींस शिक्षणाबरोबर हरएक कसब शिकविले. आपल्या वडिलांच्या घरी मजुरी करण्याची सवय नव्हती, आणि म्हणून दुष्काळात सारे घर बुडाले, हे त्या विसरल्या नव्हत्या. ह्यामुळे प्रार्थना व परिश्रम ही दोन्ही त्यांनी एका जुवास जुंपली.

१८९९ व १९०० ह्या वर्षी गुजरात व राजपुताना येथे त्याहूनही भयंकर दुष्काळ पडला. आणि आता पाहा देवाची करणी! पहिल्या वेळी ज्यांस उचलून आणिले होते, त्याच तरुण स्त्रियांपैकी काही गुजरातेत जाऊन दुसऱ्यांस उचलून आणू लागल्या. मुक्तीतील माणसांची संख्या वाढत वाढत दोन हजारांच्या घरात गेली. केडगावच्या माळावरही त्या साली पाणी दुर्मिळ होते. संध्याकाळी विहीर उपसून तळ दिसावा, आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी पुन्हा साठलेले असावे, अशी तेथल्या लोकांची साक्ष आहे. शास्त्रातील सारफथ येथील विधवेच्या पिठाचे मडके आठवते. ते मडके एकदम काठोकाठ भरले असे लिहिलेले नाही. फक्त रिकामे झाले नाही. अरण्यात इस्राएलास मान्नाही एक दिवसाचाच मिळे. आपणांस वर्षाची बेगमी हवी असते; देव बहुधा आजची भाकर देतो, आणि उद्याची आपल्या हाती ठेवून घेतो.

आम्ही सेवा करतो ते कुर्ला मुंबईच्या उपनगरांत आहे. येथून निघालेला लोहमार्ग कल्याण व पुण्यावरून पुढे दौंडकडे जातो, आणि त्याच मार्गावर केडगावचे स्थानक लागते. ह्याच रुळांवरून घाटावरची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरण्यास मुंबईकडे आली. १९७२ च्या दुष्काळात आलेल्या माणसांची मुले व नातवंडे आज मुंबईच्या मंडळ्यांत बसतात. ज्या गिरण्यांनी त्यांच्या वडिलांस भाकर दिली त्या बंद पडल्या. रोजंदारी आज आहे, उद्या नाही. खोलीचे भाडे थकले आहे. इकडे खेड्यांतील आमच्या भावांचे डोळे मृगाच्या ढगांकडे लागलेले असतात, आणि कर्जाच्या विचाराने रात्री झोप येत नाही. अशा माणसांस आम्ही भिऊ नका असे नुसते सांगितले, तर ते शब्द वाऱ्यावर जातात. रमाबाईंचे चरित्र त्याहून खरे असे काही सांगते. भय वाटते, ते वाटणारच. पण पहिल्या दुष्काळात रमाबाईंपाशी भय होते व हाक मारण्यास कोणी नव्हते. दुसऱ्या दुष्काळात भय होते आणि एक पिता होता. दुष्काळ तोच, बाई तीच. इतकाच काय तो फरक, आणि त्या एका फरकाने शेकडो लेकरे वाचली.

आता एका चुकीच्या समजुतीविषयी लिहितो. कारण ती आमच्या मंडळ्यांत पुष्कळ पसरली आहे. देवावर भरवसा ठेवला म्हणजे संकट टळते, आणि संकट आले तर भरवसा उणा होता, असे काही जण शिकवितात. ह्या शिकवणीने दुःखी माणसाच्या जखमेवर मीठ चोळले जाते. रमाबाईंचा भरवसा उणा होता काय? तरी त्यांच्या हाताखाली आणलेली कित्येक लेकरे मेली. त्यांचे कान गेले ते परत आले नाहीत. आणि सर्वांत मोठा घाव म्हातारपणी बसला. मनोरमाबाई ही त्यांची एकुलती एक कन्या, शिकलेली, सेवाभावी, आईच्या मागे मुक्तीचा कारभार पाहील अशी सर्वांची आशा. ती १९२१ च्या जुलै महिन्यात, चाळीस वर्षांची असता, आईच्या आधी प्रभूकडे गेली. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी लेक, अशी सहा मरणे रमाबाईंनी पाहिली. भरवसा हा देवाशी केलेला सौदा असता, तर तो त्या दिवशी मोडला असता. परंतु त्यांनी देवास काही विकत मागितले नव्हते. स्वतःस त्याच्या हाती दिले होते. म्हणून लेक गेली तरी तो हात सुटला नाही.

त्या वेळी त्यांचे एक काम अपुरे होते. खेड्यातल्या अडाणी स्त्रीसही समजावे अशा साध्या मराठीत सबंध पवित्र शास्त्र उतरवावे, म्हणून त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला होता, आणि कित्येक वर्षे हे भाषांतर चालविले होते. ते मुक्तीच्याच छापखान्यात, दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांच्या हातांनी छापले जात होते. कन्येच्या मरणानंतर नऊ महिन्यांच्या आत, थकलेल्या शरीराने त्यांनी ते काम शेवटास नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. शोकाने मोडून पडण्यास ज्यांस पुरेपूर कारण होते, त्यांनी आपले शेवटचे महिने अशा स्त्रियांसाठी शब्द निवडण्यात घालविले, ज्यांचे तोंडही त्यांनी कधी पाहिले नव्हते. मुक्तीचे काम केडगाव येथे आजही चालू आहे.

प्रिय उपदेशक बंधूंनो व बायबल-भगिनींनो, ह्या चरित्रातून आपण घरी काय न्यावे? आमच्या मते हेच की, आपले भय देवापासून लपवू नये, आणि आपल्या दुःखाची आठवण वाया जाऊ देऊ नये. ज्या विहिरीवर तुम्हांस पाणी नाकारले, तिची आठवण ठेवून तहानेल्यास पाणी द्या. तुमच्या आजारात कोणी आले नाही, तर दुसऱ्याच्या आजारात तुम्ही जा. घरी एक वेळची भाकर असेल तर तिच्यासाठी उपकार माना, जमल्यास अर्धी शेजाऱ्यास द्या, आणि उद्याच्या भाकरीसाठी उद्या पुन्हा प्रार्थना करा व कामास जा. मोठा विश्वास मिळेपर्यंत थांबू नका. रमाबाई निघाल्या तेव्हा त्यांच्या हाती पैसा नव्हता, आणि मनातले भयही गेले नव्हते. त्या निघाल्या, आणि वाटेत देव त्यांस भेटत गेला. जो प्रभू केडगावच्या माळावर त्यांच्यासह होता, तोच तुमच्या वस्तीत तुमच्यासह आहे. त्याची कृपा आपणां सर्वांवर असो. आमेन.